सात नंबर डुकराची बरणी

१

बरणीत दोन मूत्रपिंडं होती आणि दोन्ही परकी होती.

डॉ. रत्नप्रभा तुळसकर यांनी ती चिमट्याने उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवली, वाकून पाहिली आणि त्यांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. वासाने नव्हे. बाईंचा उभा जन्म मेलेली जनावरं उघडण्यात गेला होता. पशुवैद्यकीय महाविद्यालयातले त्यांचे विद्यार्थी सांगायचे, की बाई सडक्या म्हशीचं पोट तपासता तपासता डब्यातली पोळी खातात. हे खरं नव्हतं, पण बाईंनी ते कधी खोडूनही काढलं नाही. त्यांना मढ्याची किळस येत नसे. लबाडीची यायची, आणि ती आली की थेट पोटातून यायची.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"सात नंबरची, मॅडम," श्रुतिका परुळेकर म्हणाली. या चाचणीची सगळी जबाबदारी तिच्यावर होती. "लेबल आहे ना."

"लेबल सात नंबरचं आहे. डुक्कर दुसरंच आहे."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतली ही खासगी प्रयोगशाळा. वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनी, खाली डुकरं. उच्च रक्तदाबावरची एक नवी गोळी इथे तपासली जात होती. डुकराचं काळीज, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं माणसाच्या फार जवळची, म्हणून गोराईच्या एका पाळणाऱ्याकडून ही जनावरं आणलेली. त्यांच्या डाव्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमनीवर चांदीचा एवढासा चाप बसवायचा. रक्त कमी पोचलं की ते मूत्रपिंड घाबरतं आणि सगळ्या अंगाचं प्रेशर वाढवून ठेवतं. मग गोळी सुरू करायची आणि प्रेशर उतरतं का ते बघायचं. उतरत होतं, आणि झकास उतरत होतं. शेवटी सात नंबरचं डुक्कर मारून आतून तपासलं. मूत्रपिंडांच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्या स्वच्छ निघाल्या. त्या जोरावर येत्या सोमवारी ही गोळी पहिल्यांदा माणसांच्या पोटात जाणार होती.

त्याआधी प्राणी-समितीच्या बाहेरच्या एका सदस्याने अवयव डोळ्यांनी पाहावेत असा नियम होता. इतर सदस्य फोटो बघून सही करत आणि चहा पिऊन घरी जात. तुळसकर बाईंनी बरणी मागितली.

"चाप बसवलेलं मूत्रपिंड रक्तावाचून आक्रसतं," बाई म्हणाल्या. "इथे दोन्ही सारखी, जुळ्या भावांसारखी. आणि चाप बघा कुठे आहे. बरणीच्या तळाशी, सुटा!"

"गळून पडला असेल," श्रुतिका हळूच म्हणाली.

"चापावर मांस चढतं, पोरी. तो सुरीने खणून काढावा लागतो."

प्रयोगशाळेचे संचालक डॉ. चंद्रप्रकाश वाडेकर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते. खालच्या मजल्यावर ते कधी येतच नसत, आज समितीची बाई आली म्हणून आले. त्यांच्या अत्तराचा वास बरणीतल्या फॉर्मलीनपेक्षा वाईट होता.

"म्हणजे चोरी," ते चटकन म्हणाले. "आणि चोर कोण ते सांगायला डिटेक्टिव्ह नको. तो गोराईचा ऑस्टिन. डुकरं पुरवतो तो. सात नंबरचं मढं जाळायला न्यायच्या वेळी उचलायला तोच होता. ते लोक हे सगळं खातात ना मॅडम, आतडीबितडी. उचललं असेल, घातलं असेल रश्श्यात!"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की रुमाल आणखी वर गेला.

"औषध भरलेल्या डुकराचं मूत्रपिंड तो खाईल, आणि बदल्यात दुसरी दोन आणून चापासकट बरणीत ठेवील? एवढा सज्जन चोर मी तरी पाहिला नाही. सोमवारचं थांबवा. आधी उरलेल्या डुकरांची सोनोग्राफी करा."

"का म्हणून? चकत्या तर चोरीच्या आधीच्या आहेत. त्या स्वच्छ आहेत. चोरी नंतर झाली."

"आणि आधी झाली असेल तर? तर तुमच्या चकत्या या परक्या मूत्रपिंडांच्या. खऱ्याचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही."

"सिद्ध करा," वाडेकर म्हणाले. आता रुमाल खाली आला होता. "रविवार संध्याकाळपर्यंत. नाहीतर समितीचे बाकीचे सगळे माझ्या बाजूने आहेत. उरलेल्या डुकरांची सोनोग्राफी वगैरे काय ती पुढच्या महिन्यात बघू."

२

सगळे वर गेले, तरी बाई खालीच राहिल्या. काहीतरी खुपत होतं. बरणीतलं पाणी पिवळट होतं. जुनं फॉर्मलीन पिवळं पडतं, कुणीही तेच म्हणालं असतं. पण मूत्रपिंडाच्या खाचेत, जिथून नळ्या बाहेर पडतात तिथे, पिवळा रंग दाट साचला होता. जिथे चोळणाऱ्याची बोटं जातात पण धुणाऱ्याची पोचत नाहीत, नेमका तिथे.

त्यांनी टिपकागदाचा तुकडा त्या खाचेत दाबला. कागदावर पिवळा डाग उमटला. मग बेसिनवरचा साबण ओला करून त्यांनी त्या डागावर घासला.

डाग लाल झाला.

साडीवर वरण सांडून ती साबणाने धुतलेल्या कुठल्याही बाईला हा लाल रंग ओळखू येतो. हळद! बाई तिथेच स्टुलावर बसल्या. प्रयोगशाळेत मीठ होतं, आम्लं होती, नाना तऱ्हेची विषं होती. हळद नव्हती. ही मूत्रपिंडं बरणीत येण्याआधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आली होती.

त्यांना एकदम शिसारी आली. कुणाच्या तरी ओट्यावर, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, माणसांना द्यायच्या औषधाचा पुरावा तयार झाला होता.

निलेश प्राणिगृहाचा रखवालदार. तिथेच जिन्याखालच्या खोलीत राहायचा आणि प्रत्येक डुकराला नाव ठेवायचा. सात नंबरचं नाव 'शेठ' होतं, कारण तो सगळ्यांच्या आधी जेवायचा.

"शेठला मागच्या महिन्यात उघडला, मॅडम, शनिवारी," निलेश म्हणाला. "पोट श्रुतिका मॅडमनीच उघडलं. बरणी भरून त्यांनी कपाटात ठेवली. चकत्या सोमवारी केल्या. रविवारी इथे मी आणि डुकरं, बाकी चिटपाखरू नाही."

"कपाटाची किल्ली?"

"एक मॅडमकडे, एक सरांकडे, एक माझ्याकडे. सर तेव्हा हैदराबादला होते, बुधवारी आले."

"तू जेवण कुठे करतोस रे?"

"खानावळीचा डबा येतो. का?"

"खोलीत फ्रीज आहे?"

निलेश हसला. "मॅडम, पंखा आहे तोच नशीब. ठेवायचंच झालं तर इथे लॅबचे एवढे मोठे फ्रीज आहेत ना."

बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी सहज विचारलं, "शेठची मूत्रपिंडं बाहेर काढली तेव्हा तू पाहिलीस?"

निलेशचं हसू मावळलं. "नाही ना. मी नेहमी ट्रे धरायला असतो. त्या दिवशी पोट उघडलं, मॅडमनी आत पाहिलं आणि मला म्हणाल्या, तू बाहेर जा."

३

शनिवारी सकाळी बाई बोरिवलीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गोराईला गेल्या. ऑस्टिन परेराच्या घरामागे डुकरांचा गोठा होता. मरोळच्या चकचकीत फरशीवर डुकरांना जेवढा वास येत होता, त्याच्या निम्मासुद्धा इथे नव्हता. पण ऑस्टिन आधीच पेटला होता. वाडेकरांनी त्याला फोनवर पोलिसांची भीती घातली होती.

"मी चोर? मॅडम, माझ्याकडे एवढी डुकरं हायेत. मला मूत्रपिंड पायजे तर मी त्यांच्या बरणीतलं विषारी घेईन काय? डोकं फिरलंय काय त्या माणसाचं?"

"मला माहीत आहे तू नाही घेतलंस. पण एक सांग. मला डुकराची मूत्रपिंडं विकत हवी असली, तर?"

"माझ्याकडंच या ना. मी शनिवारी संध्याकाळी कापतो आणि रविवारी सकाळी अंधेरीच्या दुकानात माल देतो. ताजा माल फक्त रविवारी. बाकीचे दिवस नुसतं बर्फातलं, नि त्यात मूत्रपिंड कुठून असणार?"

"दुकानदार ती कशी देतो?"

"सोलून. वरची चरबी, पातळ पडदा, नळ्या, सगळं साफ. घरवाल्यांना त्रास नको."

बाईंच्या डोळ्यांपुढे ट्रे उभा राहिला. गुळगुळीत सोललेली, नळ्या मुळापाशी छाटलेली. ऑस्टिनने ठेवायची म्हटली असती, तर चरबीसकट, नळ्यांसकट, गरम गरम आणून ठेवली असती. या मूत्रपिंडांवर दुकानदाराचा हात फिरला होता.

इतक्यात ऑस्टिनची आई पेट्रिशिया काठी टेकत बाहेर आली. पाय सुजलेले, चेहरा हसरा. तिने बाईंना ओसरीवर बसवलं.

"आंटी, तुम्ही डुकराला हळद लावता का हो, शिजवायच्या आधी?"

"हलद? नाय गं बाय. आमी सिरका नि मीठ लावतं. हलद कोन लावील?" ती हसली आणि मग तिचा आवाज हळू झाला. "माझं सोमवारचं रद्द तर नाय ना होनार? ऑस्टिनवर आल घेतलाय म्हणून?"

"कसलं सोमवारचं?"

"गोळी ना! प्रेशर माझं किती वरीस उतरत नाय. त्यांची गाडी येनार हाय मला न्यायला. सगळ्यात पयली मीच."

आतापर्यंत सोमवार हा फक्त एक वार होता. आता त्याला सुजलेले पाय होते.

"आंटी, सोमवारी जाऊ नका. माझं ऐका."

पेट्रिशियाचा चेहरा पडला. "का? ती श्रुतिका तर बोलली, एकदम चांगली गोळी हाय. डाक्टरीन हाय ती. तुमी तर डुकरांच्या डाक्टर, तुमचं कसं ऐकू?"

बाई उठून धक्क्याकडे निघाल्या. दाखवायला हातात अजून काहीच नव्हतं.

४

परतीच्या बोटीत त्यांनी सगळं मनाशी मांडलं.

चापाची गोष्ट ज्याला ठाऊक होती, त्यानेच तो खऱ्या मूत्रपिंडावरून खणून काढला आणि खोट्यांबरोबर बरणीत टाकला. चोरून रश्श्यात घालणाऱ्याला चापाशी काय देणंघेणं? म्हणजे चोरी खाण्यासाठी नव्हती, लपवण्यासाठी होती. ऑस्टिन सुटला.

खोटी मूत्रपिंडं दुकानातली, म्हणजे रविवारची. ती बरणीत जाण्याआधी कुणाच्या तरी घरी राहिली आणि तिथे त्यांना हळद लागली. ज्याला रविवारी प्रयोगशाळेत शिरता येत होतं, तो ती घरी कशाला नेईल? निलेश तिथेच राहतो, फ्रीज हाताशी, किल्ली खिशात. त्याने दुकानातून आणून लगेच बरणी भरली असती. निलेशही सुटला. वाडेकर हैदराबादला. त्यांनी मूत्रपिंड हातात धरलं असतं यावर बाईंचा तसाही विश्वास बसला नसता.

उरलं कोण, ते बाईंना ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. श्रुतिकाला ही नोकरी बाईंच्या शिफारशीवर लागली होती. हुशार, कष्टाळू, मोठ्यांशी अदबीने बोलणारी मुलगी. समितीच्या सभेत कुणीतरी विचारलं होतं, की या गोळीवर तुमचा स्वतःचा विश्वास आहे का? तेव्हा ती उठून म्हणाली होती, "माझ्या आईलाही बीपी आहे. पहिल्या तुकडीत मी तिला घेणार आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाईंनीही.

एकच गोष्ट बसत नव्हती. श्रुतिका औषधशास्त्रातली डॉक्टर. पुराव्याला हळद लावण्याइतकी खुळी ती नव्हती. मग लावली कुणी?

बोरिवलीच्या धक्क्यावर उतरताच वाडेकरांचा फोन आला.

"मॅडम, उगाच त्रास करून घेताय. शेवटी एक डुक्कर हो! आणि आपली पहिली तुकडी म्हणजे कोण, गोराईची ती म्हातारी, माहुलचे काहीजण. त्यांना एरवी कोण फुकट औषध देतंय? आपण तर उपकारच करतोय."

"वाडेकर, तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं?"

"मी माझ्या लोकांना एकच सांगतो. वाईट बातमी माझ्या टेबलावर आणू नका. मला निकाल हवा असतो."

बाईंनी फोन बंद केला आणि तो पदराला पुसला. असल्या माणसाचा आवाजसुद्धा कानाला चिकटून राहतो.

५

रविवारी दुपारी बाई मुलुंडला श्रुतिकाच्या घरी गेल्या. श्रुतिका बाहेर गेली होती. दार तिच्या आईने, जानकीबाईंनी उघडलं. तुळसकर हे आडनाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुमी तुळस गावचे? मगे आपल्या बाजूकचेच! येवा, येवा, बसा. श्रुतिका येतलीच आता."

स्वयंपाकघरात कोलंबीचं कालवण उकळत होतं. ओट्यावर सोललेली कोलंबी ताटात होती, पिवळीधम्मक. बाईंची नजर तिथेच खिळली.

"हळद-मीठ लावून ठेवता?"

"मगे? तशी कशी ठेवतले? मासळी असो नाय तर मटण, घरात इला की आधी हळद-मीठ. आमच्या श्रुतिकाक तां कळणा नाय. मागल्या म्हयन्यात काय केलान, सांगतंय. रयवारी सकाळी डब्यात गुर्दे घेवन इली आणि गपचूप फ्रीजात ठेवलान. आणि त्या दिवशी संकष्टी! घरात मटण कसा चलतला? पण टाकूचा कसा, पैसे पडले ना. ती आंघोळीक गेली तेवा मी हळद-मीठ चोळून ठेवलंय. म्हटलां, उद्या करूया."

"मग केलंत?"

"खंयचा! सोमवारी सकाळी डबो उघडलान आणि माझ्यावर असा ओरडला माझाच चेडू, काय सांगू! नळाखाली धुवन धुवन हात लाल केलान आणि डबो घेवन ऑफिसात गेली. मैत्रिणीसाठी होते म्हणे."

बाईंनी डोळे मिटले. शनिवारी शेठला उघडला, दुसऱ्या दिवशी संकष्टी, सोमवारी चकत्या. झालं. चकत्या खोट्याच होत्या. एका आईने मायेने हळद लावली होती, बाकी सगळ्या प्रकरणात माया कुठेच नव्हती.

"जानकीबाई, तुम्हालाही बीपी आहे ना? नव्या गोळीचं काय झालं?"

"माकाच पयली देतलंय म्हणा होती. मगे त्याच आठवड्यात म्हणाली, आई, नको, तुझी जुनीच गोळी बरी आसा."

दार वाजलं. श्रुतिका भाजीची पिशवी घेऊन आत आली, बाईंना पाहून थबकली, मग ओट्यावरच्या ताटाकडे पाहिलं. तिला सांगावं लागलंच नाही.

"मॅडम, तुम्ही इथे..."

"बस. कोलंबीला हळद लावली आहे तुझ्या आईने. बरणीतल्या मूत्रपिंडांनाही तिनेच लावली. तू धुतलीस, पण खाचेतली राहिली."

जानकीबाईंना त्यातलं हळदीचंच तेवढं कळलं. "कसली बरणी? ते गुर्दे बकऱ्याचे नाय होते?"

"डुकराचे होते, आई," श्रुतिका म्हणाली.

"डुक्कर? माझ्या फ्रीजात? देवाच्या नैवेद्याच्या दुधाबाजूक?" जानकीबाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या मोरीकडे धावल्या. त्या खाकरण्याचा आवाज येत राहिला. बाईंना वाटलं, या बाईला खरी ओकारी यायची अजून बाकी आहे.

"शेठच्या पोटात काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

श्रुतिका खुर्चीच्या कडेवर बसली. "डावं आक्रसलेलं होतं, ते अपेक्षितच. पण उजवं, जे चांगलं असायला हवं, ते... सडल्यासारखं होतं. करडं, भुसभुशीत. चिमटा लावला तर आत गेला. रक्ताच्या तपासणीत काहीच आलं नव्हतं मॅडम, खरंच. मूत्रपिंड अर्धंअधिक गेल्याशिवाय रक्त बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी दोन्ही मढ्याच्याच पिशवीत परत घातली. जळून गेली. कपाटातल्या बरणीत सोमवारपर्यंत नुसतं फॉर्मलीन आणि चाप होता."

"आणि उरलेली डुकरं?"

"सोनोग्राफी केली तर दिसेल. बहुतेक सगळ्यांमध्ये दिसेल."

"मग?"

"मॅडम, सरांना काही सांगायची सोय आहे का? एवढी वर्षं मी या गोळीवर घातली. ही पडली असती तर मी घरी. मला वाटलं, माणसांना डोस कमी आहे. माणसांमध्ये कदाचित तसं होणारही नाही. आपण लक्ष ठेवूच, काही दिसलं तर लगेच थांबवू..."

"नाकाने कांदे सोलू नकोस!" बाईंचा आवाज चढला. "माणसांमध्ये होणार नाही असं वाटलं, तर आईला का नाही दिलीस?"

मोरीतलं पाणी बंद झालं. जानकीबाई दारात उभ्या होत्या. ओला पदर हातात तसाच होता.

"काय म्हणतत बाई?" त्यांनी विचारलं. "माका दिली नाय, मगे कोणाक दितहस?"

बाईंनी सांगितलं. "गोराईला पेट्रिशिया म्हणून एक आहे. तुमच्याच वयाची. उद्या सकाळी तिला न्यायला गाडी येणार आहे."

"तेच्यान काय होता?"

"मूत्रपिंड सडतं."

जानकीबाई लेकीकडे बघत राहिल्या. बाईंनी खूप माणसं पाहिली होती, पण आपल्याच पोटच्या मुलीकडे असं बघणारी आई पाहिली नव्हती. त्या बघण्यात राग नव्हता. ताटात अळी निघाल्यावर माणूस बघतं, तसं ते बघणं होतं. मग त्यांनी कालवणाखालचा गॅस बंद केला.

"फोन लाव तिका."

"आई, उद्या मी ऑफिसमधून कळवते ना. प्रोसिजर असते..."

"माझ्यासमोर लाव. आणि मोठ्यान बोल, माका आयकाक येवक व्हया."

श्रुतिकाने फोन लावला. स्पीकरवर पेट्रिशियाचा आवाज आला, हसरा, मागे डुकरांचा गलका. "बोल गं पोरी. गाडी किती वाजता येतं?"

"आंटी, गाडी येणार नाही. तुम्ही ती गोळी घेऊ नका. कुणी दिली तरी घेऊ नका."

"का गं? ऑस्टिनमुळं?"

"नाही. ऑस्टिनने काही केलेलं नाही. त्या गोळीने किडनी खराब होते. मी... मला माहीत होतं."

पलीकडे डुकरं ओरडत राहिली. मग पेट्रिशियाने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, खरंच कळत नसल्यासारखा तो होता.

"कवापासून माहीत होतं?"

"मागच्या महिन्यापासून."

"म्हंजे गेल्या रविवारी तू माझ्या घरी सहीचे कागद घेऊन आलेलीस, तवा माहीत होतं? मी जेवायला थांबवलं तुला. दोनदा वाढून घेतलंस. माझ्याच हातचं जेवलीस कशी गं, बाय?"

जानकीबाईंनी श्रुतिकाच्या हातून फोन काढून घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तिची आई बोलतंय," आणि रडू लागल्या.